सिदातीच्या दगडाची जागा

सिदातीने फडक्यातून दगड काढून माझ्यापुढे ठेवला, तेव्हा त्याच्या निळ्या झग्यावर रक्त वाळलेलं होतं. ते त्याचं नव्हतं, त्याच्या भावाचं होतं.

"आधी दगड बघा, शेख. बुयेमाचं मग सांगतो."

मी वाळवंटातल्या स्मारा गावच्या पोरांना पंचवीस वर्षं आकाशातून पडलेले दगड ओळखायला शिकवतो. घाई करायची नाही, एकेक खूण बघायची. बाहेरून काळपट, जळलेली पातळ साल होती. दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक मी जवळ नेलं, ते जेमतेम हललं. बहुतेक उल्कांमध्ये लोखंड असतं, चुंबक लगेच चिकटतं. म्हणूनच पोरं असले दगड फेकून देतात. मी एक कोपरा घासला. राखाडी अंगात पांढरे, टोकदार तुकडे दिसले आणि माझे हात थांबले.

"चंद्रावरचा वाटतो रे. पक्कं काय ते प्रयोगशाळा सांगेल. जागा कुठली?"

त्याने कागद दिला. अक्षांश, रेखांश, अंश, मिनिटं, सगळं नीट लिहिलेलं. मीच शिकवलं होतं त्याला.

"पूर्वेला, लष्कराने घातलेल्या वाळूच्या भिंतीजवळ, पेरलेल्या सुरुंगांत," तो म्हणाला. "अजून पुष्कळ तुकडे आहेत तिथे. बुयेमा दुसरा उचलायला गेला. कमरेखाली त्याचं काही उरलं नाही. त्याला पाठीवर घेऊन मी आमच्याच पावलांवर पाय देत परत आलो."

मी त्याला पाणी देतोय तोवर दार लाथेने उघडलं. दगडांचा व्यापारी हम्मादी आणि त्याचे दोन पुतणे आत आले. पुतण्यांच्या हातात तंबूच्या लोखंडी मेखा होत्या.

"काय रे, एक भाऊ देऊन एकच दगड आणलास? महाग पडला की!" हम्मादी हसला. "जागा बोल."

सिदातीने दगड उचलून झग्यात दडवला. पहिली मेख त्याच्या गुडघ्यावर बसली, दुसरी तोंडावर. दोन दात चटईवर पडले. मग हम्मादीने त्याची करंगळी धरून उलटी वाकवली. शेगडीवर चहा उकळत होता, तरी हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"तिथे मराल तुम्ही," सिदाती तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला.

"मी कशाला जातोय? म्हाताऱ्याच्या शाळेतली पोरं जातील. चपळ असतात, वजनाला हलकी."

मी किटली बाजूला केली आणि हातातला कागद शेगडीत टाकला.

हम्मादीने झेप घेऊन निखाऱ्यांत हात घातला. मी त्याचं मनगट धरलं आणि तिथेच दाबून ठेवलं. तो ओरडत होता. माझीही कातडी सोलवटत होती. खांद्यावर मेख बसली, पुन्हा बसली, तिसऱ्या फटक्याला हाड मोडलं. कागदाची राख होईपर्यंत मी हात सोडला नाही.

ओरडा ऐकून गल्लीतल्या बायका मुसळं घेऊन धावून आल्या. एकीने एका पुतण्याचं डोकं फोडलं. दुसऱ्याने हम्मादीला उचलून गाडीत घातलं.

बुयेमाला आम्ही त्याच दुपारी पुरलं. दगड मी तपासायला पाठवला. आठवड्याने प्रयोगशाळेतल्या डॉक्टर झहूरचा फोन आला.

"चंद्राचाच आहे, शेख! असा क्वचितच सापडतो. पण नोंदीत ठिकाणाचा रकाना रिकामा कसा? ठिकाण लिहिलं की जगभर छापून येतं, दगडाला नावही त्याचंच मिळतं. नाहीतर नुसता क्रमांक."

"क्रमांकच दे, पोरी."

"बाकीचे तुकडे कसे शोधायचे मग? तुम्ही जागा लिहायला विसरलात? तुम्ही?"

"विसरलो. वय झालं."

"क्रमांक टाकते," ती म्हणाली. मग तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माझी सगळी पोरं जमली. कुणाकडे पिशवी, कुणाकडे दोऱ्याला बांधलेलं चुंबक. सगळ्यांत पुढे आठ वर्षांची ग्लाना होती.

"शेख, चंद्राचा दगड कुठे सापडला? आम्हालाही जायचंय!"

इतक्या वर्षांत या पोरांना मी एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. मी पूर्वेकडच्या भिंतीला पाठ केली, पट्ट्या बांधलेला हात उचलला आणि पश्चिमेकडे दाखवला.