पेरूच्या सालीतली तार

मित्रांनो, मी राहू गावातल्या विठाबाईंच्या अंगणातला म्हातारा पेरू. माझं जेवण कसं चालतं ते आधी सांगतो, नाहीतर माझं दुखणं तुम्हाला कळायचं नाही. माझी मुळं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार शोषतात. ते खोडाच्या आतल्या लाकडातून पानांपर्यंत चढतं. पानं उन्हात अन्न तयार करतात आणि ते सालीतून खाली मुळांना धाडतात.

चार वर्षांपूर्वी विठाबाईंनी कपडे वाळत घालायला माझ्या खोडाला तार बांधून घेतली. लेकाला, संपतला, म्हणाल्या, "चांगली आवळ रं, ढिली पडाय नगं." मी जाडावत गेलो, तार तेवढीच राहिली. ती सालीत रुतली आणि खाली जाणारं अन्न अडलं.

मग गंमत झाली! वर अडकलेलं अन्न फळांत उतरलं. पेरू असे लगडले की सगळी आळी गोळा झाली. तारेच्या वर माझं खोड सुजलं, तर विठाबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, कसं बाळसं धरलंय!" अहो, कसलं बाळसं! माझी मुळं उपाशी होती.

गेल्या वर्षी मुळं थकली, पाणी ओढेनात. पानं पिवळी पडली. विठाबाईंनी बादल्या ओतल्या, शेणखत घातलं, मला पोरासारखं गोंजारलं. कशाचाच उपयोग होईना. शेवटी संपत म्हणाला, "आई, गेलं हे झाड. रविवारी तोडतो." मी फार भ्यालो.

शनिवारी सून पूनम कुरकुंभच्या कंपनीतून आली आणि ड्युटीचे कपडे धुऊन तारेवर टाकू लागली. तिचं बोट खोडाच्या खाचेत गेलं.

"आत्या, तार पार आत गेलीया! ह्याचा गळा आवळलाय!"

विठाबाईंनी स्वतः पक्कड आणून तार तोडली. खाचेवरून हात फिरवत त्या रडल्या. "म्याच आवळाय लावली रं, मला काय ठावं!"

नशीब, एका बाजूची साल अजून शाबूत होती. तिथून अन्न हळूहळू खाली जाऊ लागलं. संपतनं कुऱ्हाड गुपचूप ठेवून दिली.

मित्रांनो, झाडाला तार आवळू नका, सालीला जपा. आमचं जेवण तिच्यातूनच जातं.

यंदा मला सातच पेरू लागले. अन्न आधी मुळांकडे गेलं ना! मला लाज वाटली. विठाबाईंनी खोडावर थाप मारली आणि म्हणाल्या, "आसू दे. आधी तू प्वाटभर जेव, मग आमाला दे."