बॅटरीखालचं नाव

लोक रविवारी देवाला जातात, मी नगरला जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जायचो. नेवाशात माझं औषधांचं दुकान आहे, पोट त्यावर चालतं. जीव मात्र लोकांनी टाकून दिलेल्या लॅपटॉपांत अडकलेला. घरी सात झाले तेव्हा ज्योती, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, आता आठवा आणलात तर मी माहेरी. म्हणून आठवा आणला तो तिला दाखवलाच नाही, कपाटात चादरींच्या खाली ठेवला. पण खरं सांगायचं तर तो मी बायकोपासून लपवत नव्हतो. रंगनाथपासून लपवत होतो.

रंगनाथ वायरमन होता. अकरा वर्षं आम्ही एकाच मोटरसायकलवर नगरच्या वाऱ्या केल्या. मी दिसेल ते उचलणारा, तो चोखंदळ. त्याची एक रीत होती. लॅपटॉप पसंत पडला की भावाचं बोलण्याआधीच तो बॅटरी काढायचा आणि खिशातल्या मार्करनं तिच्या खाली स्वतःचं नाव आणि तारीख टाकायचा. दुकानदार चिडायचे. हा हसून म्हणायचा, "नाव पडलं, आता ही वस्तू कुटं जात न्हाई." एकाचं नाव पडलं की दुसऱ्यानं तिकडे बघायचंसुद्धा नाही, हा आमच्या दोघांतला नियम.

त्याला एकच लॅपटॉप वर्षानुवर्षं हवा होता. जाडजूड, काळा, कळांच्या मधोमध लाल गुंडी असलेला. बारावीत असताना कालव्याच्या सर्व्हेला आलेल्या एका साहेबाकडे त्यानं तसा पाहिला होता. ऊन लागू नये म्हणून दिवसभर हा त्या पडद्यावर छत्री धरून उभा राहिला आणि संध्याकाळी साहेबानं त्याला दोन मिनिटं ती लाल गुंडी फिरवू दिली. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल.

गेल्या ऑक्टोबरात तो सापडला. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसचा माल नगरच्या दुकानात आला होता. मी दुसऱ्या टोकाला रॅम निवडत होतो, तर हा तिकडून ओरडला, "कल्या, घावला रे!" दुकानदार म्हणाला, आतली डिस्क काढून ठेवतो, गुरुवारी न्या. गुरुवारी रंगनाथची ड्यूटी होती. म्हणून आणायला मी गेलो, पैसेही तूर्त मीच भरणार होतो.

तो हातात आला आणि माझी नियत फिरली. इतका कोरा, इतका देखणा जुना लॅपटॉप मला कधी मिळाला नव्हता. परत येताना घोडेगावला चहाला थांबलो. पिशवी मांडीवर होती. तिथून मी रंगनाथला फोन केला, "गेला रे. आपल्या आधीच कुणीतरी नेला."

तो म्हणाला, "जाऊ दे कल्या. तू नको वाईट वाटून घिऊ."

उलट त्यानंच माझी समजूत काढली. मला लाज वाटली, पण लॅपटॉप परत करण्याइतकी नाही.

त्या दुकानाची पायरी रंगनाथ रागानं पुन्हा चढला नाही. पुढचे दहा महिने तो बाकी प्रत्येक दुकानात विचारायचा, "तो काळा आला का हो?" आणि मी शेजारी उभा. घरी मी तो लॅपटॉप एकदाही चालू केला नाही. ज्योती नसली की काढायचा, फडक्यानं पुसायचा, परत चादरींखाली. देऊन टाकू असं कितीदा ठरवलं. पण मधल्या दिवसांचं काय सांगायचं? असा एकेक रविवार जात राहिला आणि ते अवघड होत गेलं. ऑगस्टात रंगनाथ ड्यूटीवरून आला, छातीत कळ म्हणाला, पाणी मागितलं आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत गेला. सेहेचाळिसाव्या वर्षी.

दशक्रियेला आम्ही सगळे प्रवरेच्या घाटावर होतो. पिंड ठेवला. समोरच्या चिंचेवर कावळे होते, एक तर अगदी खालच्या फांदीवर. पण शिवेना. थोरला भाऊ बिभीषण पुढे झाला, "पोरीचं लगीन मी करीन, काळजी करू नको." कावळा हलला नाही. आईनं सांगून पाहिलं, बहिणीनं सांगून पाहिलं. ऊन वर आलं. मग रंगनाथची बायको सुरेखावहिनी माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"भाऊजी, तुमी बोला. त्यांचा जीव त्या काळ्या लॅपटॉपात हाय. आनून देतो म्हना."

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. 'माझ्या घरात आहे, आत्ता आणतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण शंभर माणसांपुढे माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "रंगनाथ, सापडला तर आणीन."

कावळा तिथंच बसून राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून मी वहिनींकडे गेलो. म्हणालो, "पुण्याला सापडला." त्यांचे डोळे भरले. रंगनाथच्या फोटोपुढे पाट मांडून त्यांनी तो त्यावर ठेवला, हळदकुंकू आणलं. वाहणार तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो उलटा केला. नवऱ्याला लॅपटॉप असेच उलटे करून उघडताना इतकी वर्षं बघत आलेल्या त्या. दोन्ही अंगठ्यांनी खिट्ट्या सरकवून बॅटरी काढली.

रंगनाथची ती रीत माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. आणि नेमकी तीच मी विसरलो होतो. बॅटरीखाली त्याचं नाव होतं आणि ऑक्टोबरातली तारीख.

वहिनी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो तर त्यांचाच हाय. नगरचा. तुमच्याकडं कवापासून हाय?"

आता खोटं बोलवेना. "तेव्हापासूनच. घरी, कपाटात."

"म्हंजी मी हात जोडले, तवा बी तुमच्या घरात हुता?"

"हो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कावळा समूर बसल्याला हुता, भाऊजी. लई येळ बसला. तुमी नुसतं 'देतो' म्हनायचं हुतं. तुमच्या एका शब्दापायी माझा मानूस उपाशी गेला."

त्यांनी बॅटरी बसवली, लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी माझ्या हातात दिली आणि आत निघून गेल्या. हळदकुंकवाचं ताट फोटोपुढे तसंच राहिलं.

नगरला जाणं मी तेव्हापासून सोडलंय. लॅपटॉप आता कपाटात नसतो, बाहेर टेबलावर असतो. पहिल्या दिवशी ज्योतीनं विचारलं, "हा कुणाचा?"

मी म्हणालो, "रंगनाथचा."