पालथा टब

आमच्या गल्लीत हौद आता फक्त आमच्याच अंगणात उरला आहे. बाकीच्यांनी आपापले हौद बुजवून त्यांवर गाड्या उभ्या केल्या. त्यामुळे नौरोझचे, म्हणजे आमच्या इराणी नववर्षाचे, तेरा दिवस संपले की ज्याच्या त्याच्या घरचा लाल मासा आमच्या दारात येतो. तेरा दिवस तो नववर्षाच्या मांडणीत सफरचंद, लसूण आणि आरसा यांच्या शेजारी काचेच्या भांड्यात मिरवतो, पोरं भांड्यावर टिचक्या मारून त्याला हैराण करतात, आणि मग त्याचं करायचं काय असा प्रश्न पडला की कुणीतरी म्हणतं, "हेश्मत-आगांच्या हौदात सोडा की."

हेश्मत म्हणजे माझे यजमान. ते कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत, पण त्यांचा एक नियम होता. डाळिंबाच्या झाडाखाली एक निळा प्लॅस्टिकचा टब पालथा घातलेला असायचा. नवा मासा आला की टब उलथायचा, त्यात आदल्या दिवशी काढून ठेवलेलं पाणी भरायचं आणि माशाला पंधरा दिवस तिथे ठेवायचं. अंगावर काही उठलं नाही, खाणं नीट राहिलं, तरच हौदात प्रवेश. कुणी घाई केली तर ते हसून म्हणायचे, "पाहुण्यानं आधी ओसरीवर बसावं."

या नियमामुळेच आमची मासोळी, खातून, बारा वर्षं जगली. बाजारातून आणली तेव्हा बोटाएवढी होती. पुढे वीतभर झाली, लाल रंग उतरून पांढरीफटक पडली, कपाळावर तेवढा केशरी डाग राहिला. हेश्मत काठावर बसले की ती येऊन त्यांच्या बोटांना तोंड लावायची. मी म्हणायचे, "माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलता तुम्ही." ते म्हणायचे, "ती मध्ये बोलत नाही ना!"

खातूनच्या बाराव्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी हेश्मतना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. चाळीस वर्षं काशानच्या बाजारात कापड विकलेला माणूस, ज्याच्या जिभेला विसावा ठाऊक नव्हता, तो खाटेवर पडून छताकडे बघत राहिला. दोन महिने त्यांच्या तोंडून एक अक्षर आलं नाही. बोलणं शिकवायला डॉक्टरीणबाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. हे मान फिरवायचे.

मग एका उन्हाच्या सकाळी मी त्यांना धरून धरून हौदापाशी खुर्चीवर बसवलं आणि डाव्या हातात पोळीचा तुकडा दिला. त्यांनी तो कसाबसा पाण्यात टाकला. पांढरी सावली तळातून वर आली. आणि ते म्हणाले, "खातून, ये."

मी काठावरच बसून रडले. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या माझ्याहून खूश. म्हणाल्या, "हा शब्द हातचा जाऊ देऊ नका. रोज वदवून घ्या. याच्यामागून बाकीचे येतील."

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ खुर्ची हौदापाशी. प्रत्येक तुकड्याबरोबर एक "खातून, ये." तुकडा जितका मोठा तितके शब्द जास्त, असा माझा हिशेब. पोळीच्या पोळ्या पाण्यात जायच्या. मासे खाऊन कंटाळायचे, उरलेलं तळाशी कुजायचं. पाण्याचा रंग शेवाळी झाला, वासही येऊ लागला. हौदाची साफसफाई कायम हेश्मत करायचे. मला औषधं, अंघोळी, मालिश यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. शिवाय थंडीसाठी बंद केलेलं कारंजं मी पुन्हा चालूच केलं नाही. तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं मी. कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया सुटतो हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण तुकडा टाकू नका म्हणायचं तर शब्द बंद होणार. मी नाक मुरडून कानाडोळा केला.

नौरोझच्या तेराव्या दिवशी संध्याकाळी तूबाखानम आल्या. तूबाखानम आमच्या समोरच्या, हेश्मतच्या आजारपणात अर्धा स्वयंपाक त्यांच्याच घरून आलेला. तेराव्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे दिवसभर ओढ्याकाठी सहल करून सगळं घर परतलेलं, त्यांचं नाक उन्हानं लालबुंद. हातात पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात नातीचा मासा. हेश्मत खुर्चीवर होते. मी पिशवी उजेडात धरली. माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणांएवढे चार पांढरे ठिपके होते.

ते कसले, हे मला कळलं. हेश्मतनी मला असे ठिपके पूर्वी दाखवले होते. जीव असतो त्यांच्यात. माशाच्या अंगावर पोसतात, मग गळून तळाशी जातात, तिथे एकाचे शेकडो होतात आणि नव्या अंगाच्या शोधात सुटतात.

"मास्तरीणबाई, तुम्हाला त्रास होणार असेल तर मी आपली घरीच ठेवते हो," तूबाखानम म्हणाल्या.

"अहो, काहीतरीच काय! हौद तुमचाच आहे."

"नाही, पण घरात आजारी माणूस, त्यात आमची ही ब्याद कशाला?"

"ब्याद कसली! लेकीसारखी राहील."

"अगदी मनापासून सांगा हं. नको तर नको म्हणा, मला मुळीच राग यायचा नाही."

"तूबाखानम, तुमच्या माशाची पावलं आमच्या डोळ्यांवर!" मी म्हणाले. माशाला पावलं नसतात हे मास्तरणीला माहीत असायला हवं, पण आमच्याकडे अगत्याला एकदा तोंड फुटलं की डोक्याचं काही चालत नाही.

तेवढ्यात ठक आवाज आला. हेश्मत डाव्या हातातली काठी टबाच्या बुडावर आपटत होते. ठक. ठक. ठक. त्यांची नजर पिशवीवर होती.

"आगांना काय हवंय?" तूबाखानमनी विचारलं.

त्यांना काय हवंय ते मला स्वच्छ समजलं होतं, पुरतं समजलं होतं. पण टब उलथायचा म्हणजे तूबाखानमच्या तोंडावर सांगायचं, की तुमचा मासा रोगी आहे. हिवाळाभर ज्यांच्या घरचं सूप प्यायलो त्यांना! माझी जीभ उचलेना.

"चहा हवाय त्यांना," मी म्हणाले. "वेळ झाली ना."

आणि मी पिशवी हौदात रिकामी केली. हेश्मतनी काठी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा करायला आत गेले.

आठव्या दिवशी मासे हौदाच्या फरश्यांना अंग घासू लागले. दहाव्या दिवशी खातूनच्या पाठीवर कुणी पीठ चाळल्यासारखं दिसलं. पंख मिटून ती पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होती. हाक मारली तरी जवळ आली नाही. हेश्मतनी सहा वेळा हाक मारली. मी मोजत होते.

बाटलीत हौदाचं पाणी भरून मी बाजारात माशांच्या दुकानात धावले. दुकानदार म्हातारा, तोंडात साखरेचा खडा, समोर चहा. त्याला मी ठिपक्यांचंही सांगितलं. त्यानं पाणी नळीत घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी आधी पिवळं, मग गर्द हिरवं झालं. हिरवं म्हणजे अमोनिया, हे त्यानं सांगायच्या आधीच मी मान खाली घातली.

"खानम, ठिपके दहा दिवसांचे आहेत," तो म्हणाला. "हे पाणी मात्र महिन्यांचं आहे. चांगल्या पाण्यातला मासा चार ठिपके झटकून टाकतो. याचे कल्ले आधीच जळालेत."

"वाचेल का?"

"तुम्ही आज आलात. मी काय सांगू? मागच्या महिन्यात आला असतात तर सांगितलं असतं."

मग मी सगळं केलं, जे आधी करायचं होतं. खातूनसाठी टब उलथून घरात शेगडीजवळ ठेवला, कारण उबेत ते जीव लवकर गळतात आणि गळले की औषधाला सापडतात. आदल्या दिवशी काढून ठेवलेलं पाणी, मोजून खडेमीठ, दुकानदाराचं हिरवट औषध. रोज तिसरा हिस्सा पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. हौदातून कुजकी पोळी घमेल्या-घमेल्यानं उपसली, कारंजं चालू केलं. बाकीच्या माशांना हौदातच मीठ-औषध दिलं. हातांची सालं निघाली. हेश्मत टबाशेजारी बसून असायचे. एकदा त्यांनी डावा हात पाण्यात घातला आणि खातूननं त्याला तोंड लावलं. ते म्हणाले, "खातून." नुसतंच खातून. मी देवाला नवस बोलले, जो मी एरवी कधी बोलत नाही.

पाचव्या दिवशी पाठ स्वच्छ झाली. एक ठिपका उरला नाही. मी आनंदानं तूबाखानमकडे वाटीभर खीरसुद्धा पाठवली. सहाव्या दिवशी सकाळी खातून टबात आडवी तरंगत होती. अंग स्वच्छ पांढरं, कपाळावर केशरी डाग. रोग गेला होता. कल्ले वाचले नव्हते.

मी तिला डाळिंबाखाली पुरलं. हेश्मत खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हौदापाशी नेलं. अकरातले चार मासे वाचले होते. हातात तुकडा दिला. त्यांनी टाकला, तोंड उघडलं. मी वाट पाहिली. त्यांनी तोंड मिटलं.

त्यानंतर रोज नेत राहिले. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या एका माशाला नाव द्यायला सांगितलं. मी दिलं, गुलाब. त्यांनी ते नाव घेतलं नाही. मीच वेड्यासारखी ओरडायचे, "गुलाब, ये! म्हणा ना, गुलाब, ये!" गुलाब यायची. ते बघत बसायचे.

तूबाखानम भेटायला आल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, ठिपके दिसले होते तेही. वाटलं, त्या कपाळावर हात मारतील. पण त्या ओढणीच्या पदराशी चाळा करत बसल्या.

"मलाही दिसले होते," त्या हळूच म्हणाल्या. "घरातून निघतानाच. सून म्हणाली, आई, हा रोगट दिसतोय, नेऊ नका. मी म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जायचं, मास्तरीणबाई वाट बघत असतील. तीनदा विचारलं ना मी तुम्हाला? एकदा नको म्हणाला असतात तर मी सुटले असते."

म्हणजे आम्हा दोघींना माहीत होतं. अंगणात त्या वेळी तीन माणसं होती आणि तिघांनाही माहीत होतं. खरं ते फक्त ज्याला बोलता येत नव्हतं तो बोलला.

वर्ष गेलं. तूबाखानमनी गल्लीत काही सांगितलं नसावं, कारण पुढच्या नौरोझच्या तेराव्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या रूहीखानम पिशवी घेऊन हजर. हेश्मत खुर्चीवर, काठी मांडीवर, शेजारी टब पालथा. मी तो मुद्दाम त्यांच्या हाताशी ठेवला होता.

"त्रास नसेल तर..." रूहीखानमनी सुरुवात केली.

"आहे त्रास," मी म्हणाले. "हौदात नाही सोडायचा. पंधरा दिवस टबात राहील, मग बघू. नसेल पटत तर परत न्या."

रूहीखानमचं तोंड एवढंसं झालं. "बरं बाई," म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि चहालाही न थांबता निघून गेल्या. पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मी शेजारणीला नाही म्हणाले होते. मी हेश्मतकडे वळले. "ऐकलंत? नाही म्हणाले मी! टबात ठेवते, बघा!"

मला त्यांची ती ठकठक ऐकायची होती. एकदाच. रागानं मारली असती तरी चाललं असतं.

ते हौदाकडे बघत होते. काठी मांडीवरच होती. त्यांनी ती उचललीच नव्हती, पिशवी बघूनही नाही.

मी टब उलथला आणि त्यात पाणी भरायला बसले.