तीन हाका चुकल्या तर

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आमची राउटरची खोली अठ्ठावीस किलोमीटर लांब झाली आणि माझी बायको तिच्या दुसऱ्या टोकाला राहिली. तिकडच्या राउटरची एक सैल वायर बसवायला ती गेली होती. जाताना म्हणाली, "आलेच हं. सुरू करू नका." पोळ्या माझ्या डब्यात असतात आणि भात तिच्या. मुंग्या लागतात म्हणून ती आपला डबा कुठे ठेवत नाही, सोबत घेऊन हिंडते. त्यामुळे आता माझ्यासमोर नुसत्याच पोळ्या होत्या.

आम्ही दोघं एकाच खात्यात. काम लेबलं वाटण्याचं. गावातल्या लोकांच्या गप्पा, फोटो, सिनेमे सगळं आमच्या राउटरांतून जातं. प्रत्येकाचा पूर्ण पत्ता वाचत बसलं तर दिवस पुरायचा नाही, म्हणून त्यावर एक छोटा आकडा चिकटवायचा. तेच लेबल. ते कुठलं, हे नेहमी माल घेणाऱ्या टोकाने ठरवायचं, पाठवणाऱ्याने नाही. त्यासाठी दोन्ही टोकांचं आधी बोलणं व्हावं लागतं, आणि आमचं बोलणं बंद होतं. म्हणजे भांडण नव्हतं, राउटरांचं बोलणं बंद होतं.

हाक मात्र येत होती. दर पाच सेकंदांनी स्क्रीनवर एक ओळ उमटायची आणि माझ्या राउटरकडून उलट हाक जायची. हाकेचा नियम साधा आहे. ओळीने तीन हाका चुकल्या की शेजारी, म्हणजे पलीकडच्या टोकाचा राउटर, गेला असं समजायचं आणि त्याचं नाव यादीतून पुसायचं. वीस वर्षं मी हा नियम पाळतोय, त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आमचे साहेब ढवळे मोजपट्टी घेऊन आले. त्यांनी खोलीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"खळदकर, शेजारी दिसतोय?"

"दिसतोय साहेब. हाक ऐकू येते. बोलणं उघडत नाही."

"रस्ता तपासलात?"

मी शर्वरीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, रस्त्यावर एक चाचणी सोडली. ती आमच्या घरी गेली, स्वयंपाकघरात शिरली आणि तिथून कुकरची शिट्टी घेऊन परत आली.

"रस्ता चुकलाय तुमचा," ढवळे म्हणाले.

"बरोबर आहे साहेब. शर्वरी तिथेच असते."

"आत्ता आहे?"

"नाही."

"मग ती कुठल्या पत्त्यावरून हाक मारतेय ते बघा. हाकेच्या आत लिहिलेलं असतं."

हाक उघडून बघायची मला सवय नाही. आली एवढं बघायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. त्या दिवशी उघडली. आत लिहिलं होतं, "मी कुंदा. आहात का?"

कुंदा हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि मी त्या तांदळात शर्वरी लिहिलं. माझ्या अक्षराचं मला भारी कौतुक, वेलांटी मोठी डौलदार आली होती. तिने वाकून वाचलं आणि "बरं" म्हणाली. त्या बरंनंतर कुंदाचं काय झालं हे मी अठरा वर्षांत विचारलं नाही. ती कुणीतरी माझ्याच घरातून हाका मारत होती आणि मी तिला एकदाही भेटलो नव्हतो. शर्वरी मला रोजच हवी असते, पण त्या क्षणी मला कुंदा इतकी हवीशी झाली की समोरचा पोळ्यांचा डबा झाकून ठेवला.

कुंदाचा रस्ता यादीत घालायचा तर पहिलं वळण कुठलं ते माहीत हवं. मी संगमेश्वरला तिच्या भावाला, दिगंबरला, फोन लावला.

"कुंदाकडे कसं जायचं?"

"कुंदा तुमच्याकडे दिली ना, भावोजी?"

"आमच्याकडे शर्वरी आहे."

"आमच्याकडे कुणीच नाही. लग्नाच्या महिन्यातच रेशनकार्डावरून नाव कमी केलं. बाकी सगळं ठीक ना?"

"खोली लांब झालीये."

"उन्हाळ्यात होतं तसं," तो म्हणाला.

म्हणजे रस्ता कुणाकडेच नव्हता, चालूनच काढायला हवा होता. मी खुर्ची सोडली आणि खोलीच्या त्या टोकाकडे निघालो. दहा पावलांवर आमच्या स्वयंपाकघराचा ओटा लागला. गॅसवर दूध होतं. मी धावत परत आलो. एक हाक चुकली होती, आणि बायकोचा भांग कुठल्या बाजूला असतो ते मला आठवेना.

पुन्हा निघालो, या खेपेला डावीकडच्या भिंतीला धरून. आठ पावलांवर ओटा. परत येईपर्यंत दोन हाका चुकल्या होत्या. ती हसायला लागली की आधी काय करते, ते गेलं. काहीतरी करते, पदर की हात, एवढंच उरलं. पुढची हाक आली तशी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, पण गेलेलं परत आलं नाही.

ढवळ्यांनी मोजपट्टी लावली. "चाळीस किलोमीटर. आणि रुंदी कमी झालीये."

झालीच होती. शेवई ओढावी तशी खोली लांबत होती आणि बारीक होत होती. मघाशी दोन माणसं शेजारून गेली असती, आता ढवळ्यांना बाहेर जायचं तर मला खुर्चीवर चढावं लागलं असतं.

"साहेब, यादीत शर्वरीची ओळ आहे तोवर माझे पाय घरीच वळणार."

"मग काढा ती."

"काढतो. तुम्ही इथे बसून हाका ऐकाल का?"

"ऐकेन. पण मी ऐकल्या तर ती माझी शेजारी होईल, खळदकर. तुमची नाही." हे ते अगदी संकोचून म्हणाले. ढवळे माणूस सज्जन आहे.

"नको मग."

"गेलात तर पोचाल, पण कुणाकडे आलो ते आठवणार नाही."

"आणि बसून राहिलो तर?"

"हाक येत राहील."

"किती दिवस?"

"वीज आहे तोवर."

स्क्रीनवर ओळ उमटली. मी कुंदा. आहात का? मी तिला बोटाने पुसल्यासारखा स्पर्श केला. हे ऐकत जन्म काढता आला असता, आणि खरं सांगायचं तर मी आजवर तोच काढला होता. मी शर्वरीची ओळ काढून टाकली. लांब कुठेतरी गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मग तळहातावर पेनाने कुंदा लिहिलं आणि पोळ्यांचा डबा घेतला. काही आठवलं नाही तरी डब्यावरून एवढं कळेल, की कुणीतरी जेवायचं थांबलंय.

ओटा लागला नाही. पाच सेकंदांनी पहिली हाक चुकली आणि बायकोचा आवाज आठवणीतून गेला. दुसरीला चेहरा गेला. तो जाताना मी डोळे मिटून घट्ट धरून ठेवला होता, तरी गेला. तिसरी चुकली तेव्हा मागे ढवळ्यांनी खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं. मी तळहात बघितला. तो कोरा होता.

पुढे किती चाललो ते सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंच्या राउटरांचे हिरवे दिवे आधी खांद्यांना लागत होते, मग छातीला. मी तिरका होऊन चालत होतो आणि डबा डोक्यावर धरला होता. कुणाची तरी फार आठवण येत होती. कुणाची ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती थांबवताही येत नव्हती.

खोली संपली तिथे एक टेबल होतं. टेबलाशी एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्यासमोर स्क्रीन होता, बाजूला डबा.

"आहात का?" ती स्क्रीनला म्हणाली.

"आहे," मी म्हणालो.

तिने वळून पाहिलं. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघतात तसं. "या टोकाला एका गृहस्थांची हाक यायची. दर पाच सेकंदांनी, न चुकता. आता तिन्ही चुकल्या. पुसावं लागलं नाव."

"वाईट झालं."

"मी कुंदा," ती म्हणाली. "तुमचं नाव?"

मी तोंड उघडलं. माझं नाव तिच्या यादीत होतं आणि यादी कोरी होती.

"असू दे. बसा आधी," ती म्हणाली. "पोळ्या आणल्यात?"

"आणल्यात."

"मी भातावर थांबलेय कधीची." तिने डबा उघडला. भात वाळून वाळून पुन्हा तांदूळ झाला होता. तिने तो टेबलावर ओतला आणि तळहाताने सारखा केला. मग बोटातली अंगठी जरा जोर लावून काढली, थोडा विचार केला आणि पहिलं अक्षर काढलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. ती दुसऱ्या अक्षराकडे वळली, आणि मी वाकून वाचू लागलो.