डाव्या गुडघ्याला पिठाचा लेप

मी एक जुनी सहाण आहे. काळ्या दगडाची, मधोमध झिजून खोलगट झालेली. मित्रांनो, तुमच्या देवघरातल्या सहाणेवर चंदन उगाळतात. माझ्या नशिबी कडवट मुळ्या आल्या, पण त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. पौडच्या बाजारात एका पाथरवटाकडून तानुबाईने मला घेतले आणि मुळशी धरणावरच्या डोंगरवाडीत मी तिच्या घरी नांदायला आले.

तानुबाई झाडपाल्याचे औषध द्यायची. भातलावणीत चिखलात वाकून वाकून बायकांचे गुडघे सुजत. मग ती एक मुळी माझ्यावर उगाळून लेप लावी. दारी आलेले दुखणे औषधाविना परत धाडायचे नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला नेम होता.

एकोणीसशे साठच्या सुमारास पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. बोलायला मायाळू, कामाला चोख. त्यांना या लेपाची पारख करायची होती. गुण दिसला तर त्याचे मलम गावोगावच्या दवाखान्यांत जाणार होते. वाडीतल्या लिलाबाईचे दोन्ही गुडघे सारखेच सुजले होते. उजव्याला मुळीचा लेप लावा आणि डाव्याला नुसत्या तांदळाच्या पिठाचा, असे सांगून बाई गेल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी फीत लावून पाहिले. दोन्ही गुडघे सारखेच उतरले होते. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे मुळीत काही नाही. सूज आपोआपच उतरली."

मला मात्र खरे ठाऊक होते. पिठाला त्या घरात कुणी हातच लावला नव्हता!

तानुबाई सरळ म्हणाली, "म्या दोनी गुडघ्यांना खराच लेप लावला. येक पाय दुखता ठिवून दुसऱ्याला औषिद? माज्यानं न्हाई व्हायचं."

बाई रागावल्या नाहीत. "पण फरक दाखवल्याशिवाय मला कुणालाच पटवता येणार नाही, तानुबाई. मग हे औषध या वाडीतच राहील."

पुढच्या लावणीला लिलाबाईचे गुडघे पुन्हा सुजले. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, पण त्यांना परत विचारायचा धीर होईना. तेव्हा लिलाबाईच बोलली, "आक्का, औंदा माजा डावा ऱ्हाऊ दे. मला तू हायेस. बाकीच्या गावच्या बायांना कोन हाय?"

तानुबाईने पीठ कालवले. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर टपटपले. उजवा गुडघा उतरला, डावा ठणकत राहिला, आणि त्याच पायाने लिलाबाई रोज चिखलात उभी राहिली. घरी बसून तिचे भागणार नव्हते. शेवटी फरक मापात आला. बाईंनी तिला हात जोडले. तानुबाईने लगेच डाव्यालाही खरा लेप लावला. ठणका थांबला, पण तो गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही.

पुढे मलम झाले, दवाखान्यात मिळू लागले. तानुबाई देवाघरी गेली. मला आता कुणी उगाळायला घेत नाही. मी ओटीच्या कडेला पडून असते. त्याचे दुःख नाही, कारण काम तर चालूच आहे.

लिलाबाई संध्याकाळी या ओटीवर येऊन बसते, डावा पाय लांब करून. खेळायच्या नादात पोरे तो ओलांडून पळतात.

मित्रांनो, तुम्ही तो पाय ओलांडू नका. वळसा घालून जा.