चार बोटं वर

गुणाबाईने कडी ओढली आणि ट्रॉलीचा फाळका धाडकन तिच्या चपलेपुढे आपटला. ती मागे सरली नाही.

"लटारूभाऊ, हे ट्रॉली बनवली का उंदराचा पिंजरा?"

लटारूने वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सारला. आरमोरीत नागभीडच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं आणि गुणाबाई तिथे आल्यापासून त्याचं बाकीचं काम बंद पडलं होतं.

"बाई, कडी हळू ओढा लागते."

"चाळीस वर्षं मासळी विकली म्या. जित्ती मासळी हळू धरू म्हटलं तर हातात राह्यते का?"

मैना कडुनिंबाच्या सावलीत आपल्या तीनचाकी मोटारसायकलवर बसून होती. कुबडी सीटच्या बाजूला बांधलेली, डावा पाय लहानपणीच वाळलेला. सासूचं बोलणं ऐकून तिला हसू आलं, पण ते तिने ओठातच ठेवलं.

तीनचाकी मागच्या वर्षी योजनेतून मिळाली. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मैना गाडी चालवायची आणि गुणाबाई मागे घमेलं मांडीवर घेऊन बसायची. खड्डा आला की मासळीचं पाणी दोघींच्या अंगावर. शेवटी गुणाबाईच म्हणाली की गाडीला मागून ट्रॉली जोडू. आज तलावात जाळं टाकलेलं नव्हतं, म्हणून दोघी रिकाम्या हाताने आल्या होत्या. म्हणजे मैना रिकाम्या हाताने. गुणाबाईच्या खांद्याला एक जड कापडी पिशवी होती, आणि सकाळपासून तिने ती कोणाला धरू दिली नव्हती.

ट्रॉली घडीचीच पाहिजे होती. बाजारात चिंचेखाली गुणाबाईची जागा दोन पोती अंथरण्याइतकी. एका बाजूला सुक्या मिरचीवाली, दुसऱ्या बाजूला सोमारी. सोमारीही मासळीच विकायची. गेल्या वीस वर्षांत दोघी एकमेकींशी फक्त भांडण्यापुरत्या बोलल्या होत्या. अख्खी ट्रॉली तिथे उभी केली असती तर तिचं चाक थेट सोमारीच्या टोपल्यात गेलं असतं.

मैनाने घरून निघताना एक वाक्य तयार केलं होतं. माय, ट्रॉली झाली की एखाद्या दिवशी मी एकटीच बाजारात बसून पाहू का. सगळ्या वाटेने ती ते मनात फिरवत आली होती आणि ते अजून तोंडातच होतं.

तोंडातच राहण्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी गुणाबाईच्या मुलाने, मिथुनने, तिच्याशी लग्न करतो म्हटलं, तेव्हा गुणाबाई अंगणात उभी राहून सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी बोलली होती, "पोरगी गुणाची असन. पण जिले पावशीवर पाय देता येत नाई, ते मासळीच्या घरात काय करन?"

ते खोटंही नव्हतं. पावशीचा, म्हणजे मासळीच्या विळीचा, पाट एका पायाखाली दाबायचा, दुसरा पाय दुमडायचा, आणि उभ्या पात्यावर मासा दोन्ही हातांनी ओढायचा. दुमडलेल्या पायाचा आधार नसला तर तोल जातो, पाट सरकतो आणि बोट जातं. मैनाने घरी चोरून करून पाहिलं होतं. अंगठ्यावर त्याची खूण होती. गिऱ्हाईक न कापलेली मासळी घेत नाही. म्हणून मैना जाळी विणायची, मासळी सुकवायची, गाडी चालवायची, आणि बाजारात गाडीवरच बसून राहायची.

लटारूने दुसरी ट्रॉली पुढे ओढली. हिच्या दोन्ही बाजू वर उचलून मधे मिटायच्या.

"हे पाह्य बाई. अशी उभी घडी होते. भिंतीले टेकवून ठेवा."

गुणाबाईने डाव्या हाताने वर्कशॉपचा खांब धरला, डावा पाय जमिनीवरून उचलला आणि एका पायावर उभी राहून उजव्या हाताने बाजू वर ओढायला लागली. बाजू अर्ध्यावर आली आणि परत पडली. पलीकडे ग्राइंडर चालवणारा सुनिल खाली मान घालून हसला.

"गुडघा दुखून राह्यला का बाई?" लटारूने विचारलं.

"माझे गुडघे माझ्यापाशी राहू दे. एका हातानं मिटत नाई हे. ने बाजूले."

"दोघी आहा ना तुमी. एकीनं इकून धरलं, एकीनं तिकून…"

"दोघी आहो का नाई, ते तुले कोनं विचारलं?"

मैनाने नजर चाकांकडे वळवली. गुडघे दुखतात हे तिला माहीत होतं. पण सासू दुखणं अशी चारचौघात दाखवणारी नव्हती.

तिसरी ट्रॉली पहिल्यासारखीच होती, फक्त हिचा फाळका मागे पडायचा नाही. मागचा अर्धा भाग उचलून पुढच्या अर्ध्यावर झाकणासारखा यायचा. आधी मासळीचे डबे काढून खाली ठेवायचे, मग झाकण टाकायचं. गुणाबाई परत एका पायावर उभी राहिली, खांब धरला, आणि उजव्या हाताने ओढलं. झाकण आलं. पुन्हा उघडलं, पुन्हा ओढलं. चार वेळा.

"हे," ती म्हणाली. "पन ठेंगणी आहे."

"ठेंगणी? उलट तुमाले बसाले बरी आहे."

"मी काऊन बसू तिच्यावर? मैना, गाडी लाव इथी. अन् तोंड मागं करून बस."

मैनाला काही कळलं नाही, पण गुणाबाईला दोनदा विचारायची घरात प्रथा नव्हती. लटारूने ट्रॉलीचा दांडा गाडीच्या हुकात अडकवला. मैना हाताने पाय उचलून सीटवर उलटी फिरली. झाकण तिच्या पोटापुढे आलं, पण तिच्या कोपरांच्या जरा खाली. गुणाबाईने तिचा हात धरला, कोपरातून वाकवला, झाकणाच्या वर अधांतरी ठेवला, आणि खालच्या रिकाम्या जागेत आपली बोटं घातली.

"चार बोटं वर घे, लटारूभाऊ. अन् हलाले नाई पाह्यजे."

लटारू टेप काढायला लागला.

"टेप राहू दे. माह्या बोटानं घे. हे बोटं घरी येतात, तिथी पुन्हा मोजून पाहीन."

वेल्डिंग सुरू झालं तशी गुणाबाई पिशवीसकट बाजाराकडे निघून गेली. मैना निळा उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून दुसरीकडे पाहत बसली. एखाद्या दिवशी एकटीच बसून पाहू का. वाक्य आता तिलाच विचित्र वाटायला लागलं होतं.

गुणाबाई परतली तेव्हा झाकण उचलणाऱ्या पट्ट्या लागून थंड झाल्या होत्या. तिच्या एका हातात पळसाच्या पानात गुंडाळलेली रोहू होती. शेपटी बाहेर.

"कोनाची मासळी, माय?"

"सोमारीची. इकत घेतली."

मैना तिच्याकडे पाहतच राहिली. गुणाबाईने मासळी विकत घेतली, हे घरी सांगितलं असतं तर मिथुनने विश्वास ठेवला नसता.

"काही म्हटलं का तिनं?"

"म्हनन काय? दात काढले. मिरचीवालीले बोलावून दाखवलं. अन् वरून शिळी देली, गलफडं पाह्य कशे झाले." गुणाबाईने मासा झाकणावर ठेवला आणि खांद्यावरची पिशवी उतरवली. "पाह्यजे होती, म्हनून घेतली. आज आपल्याजवळ कुठी आहे?"

पिशवीतून तिने पावशी काढली. गुणाबाईच्या सासूच्या वेळची. पाट झिजून मधे पायाच्या आकाराचा खड्डा पडला होता, पातं मात्र सकाळीच घासलेलं. ती तिने झाकणावर ठेवली, पातं मैनाच्या समोर येईल अशी, आणि पाटाच्या दोन टोकांवर बोट ठेवलं.

"इथी अन् इथी. बोल्ट मार. पक्के."

लटारूने पावशीकडे पाहिलं, मग मैनाच्या पायाकडे, आणि ड्रिल घेऊन आला. सुनिलने ग्राइंडर बंद केलं.

दोन्ही बोल्ट बसल्यावर गुणाबाईने पाट हलवून पाहिला. हलला नाही. मग ती ट्रॉलीच्या पलीकडे गेली, जिथे गिऱ्हाईकं उभी राहतात तिथे, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मैनाने मासा उचलला. घरी चोरून करताना हलायचा तसा तिचा उजवा पाय पाट शोधायला हलला. खाली दाबायला काहीच नव्हतं. तिने मासा पात्यावर टेकवला आणि ओढला. पातं सरकलं नाही. डोकं सरळ, एका झटक्यात वेगळं झालं.

गुणाबाईने रिकामी पिशवी उघडून पुढे धरली.

"तुकडे लहान कर, बाई," ती म्हणाली. "अन् डोकं वेगळं बांध. घरी सून आहे माझी, तिले डोक्याचा रस्सा आवडते."