सतराव्या अंकाचं शेवटचं पान

मी कॉमिकचा एक जुना अंक आहे. 'सप्तकवच' नावाच्या हिंदी मालिकेतला सतरावा. मित्रांनो, माझ्या अंगावर दोन पिना, एक गुळगुळीत मुखपृष्ठ आणि आत सोळा पानं आहेत. त्यांतली पंधरा छापखान्यातली. सोळावं, म्हणजे शेवटचं, हातानं रंगवलेलं आहे. ते कुठून आलं आणि गेल्या हिवाळ्यात त्याच्यावरून काय पेच पडला, तेवढंच मी सांगणार आहे. रडगाणं गाणार नाही. माझा कागद स्वस्तातला आहे, त्याला डोळ्यांतलं पाणी सोसत नाही.

माझा जन्म एकोणीसशे एकोणनव्वद सालचा, दिल्लीकडच्या एका छापखान्यातला. तिथे एकेक रंग वेगळा छापत. लाल रंगाच्या वेळी मी जरा सरकलो, म्हणून माझ्या नायकाचे ओठ सगळीकडे हनुवटीच्या डाव्या बाजूला आले आहेत. नायकाचं नाव सप्तकवच. तो सात चिलखतं एकावर एक घालतो आणि गरज पडेल तसं एकेक उतरवतो. त्याचा वैरी अंधकर्ण. माझा चित्रकार पाऊस आणि ढग फार सुरेख काढायचा, पण पावलं काही त्याला जमत नसत. त्यामुळे सप्तकवच नेहमी गुडघाभर धुरात उभा असे. वाचणाऱ्यांना तो धूर फार भयंकर वाटायचा. मला खरं कारण माहीत होतं, पण मला कोण विचारतो?

रायपूरला मी रेल्वेनं आलो आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या देवीदास मेश्राम यांच्या दुकानात दोरीवर लटकलो. देवीदास सकाळी भनपुरीला ट्रक रंगवत आणि संध्याकाळी तात्यापाऱ्यात कॉमिक भाड्यानं देत. ट्रकच्या मागे वाघ, कमळ, मोर, गाईला बिलगलेलं वासरू, जे मालक सांगेल ते. हात धुऊन दुकानात आले तरी त्यांच्या नखांत रंग असायचा. माझ्या मुखपृष्ठावर त्यांच्या अंगठ्याचा एक हिरवा ठसा अजून आहे.

त्या दुकानात मी फार कामाचा ठरलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एका दिवसात चार-चार घरं फिरून यायचो. कोणी मला जेवताना वाचलं, कोणी भूगोलाच्या पुस्तकात दडवून. माझ्या नवव्या पानावर वरणाचा डाग आहे. काही वाचक गोष्टीसाठी येत आणि काही चित्रांसाठी. चित्रांसाठी येणारे ओळखू येतात, कारण ते पान लवकर उलटत नाहीत.

यामिनी त्यांतली होती. तात्यापाऱ्यातल्याच जुन्या मराठी घरातली, तेरा वर्षांची. घरी कॉमिक चालत नसे, म्हणून ती दुकानाच्या फळीला टेकून उभ्यानंच वाचायची. माझं शेवटचं पान तिला सोडवेना. त्यावर एकच मोठं चित्र होतं. सप्तकवच सातही चिलखतं एकदम फेकून देतो, आभाळभर वीज चमकते आणि अंधकर्ण दरीत कोसळतो. ती वीज माझ्या चित्रकाराच्या हातून एकदाच तशी उतरली असेल. यामिनीनं एक दिवस मला भाड्यानं घेऊन दप्तरात लपवून घरी नेलं आणि कंपासपेटीतल्या ब्लेडनं ते पान सरळ कापून घेतलं. कापताना तिनं श्वास रोखला होता. पिनांजवळ बोटभर पट्टी तेवढी उरली. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. कागदाला दुखत नाही, पण गोष्ट अर्धी राहिली की लाज मात्र वाटते.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. "भैया, इसका एंड कहाँ है?" देवीदासनी पान शोधलं, चौकशी केली. कोणी कबूल होईना. नवी प्रत मागवायची तर अंक संपलेला. शेवटी त्यांनी ठरवलं की आपणच काढायचं. अडचण एवढीच, की त्यांनी स्वतः मला शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. गिऱ्हाइकांना विचारावं तर प्रत्येक जण आपल्या मनाची भर घालून वेगळाच शेवट सांगे. त्यांची बायको कमला फळीमागे बसून हे ऐकत होती. "तुमच्या मनानं काढा ना," ती म्हणाली. "कोन तपासाले येते?"

"मारामारी तं पंधरा पानं झाली," देवीदास म्हणाले. "आता पुरे झाली बाप्पा."

मग त्यांनी जाड कागद घेतला आणि ट्रकचा उरलेला ऑइल पेंट. त्यांनी काढलं ते असं. एक पळसाचं झाड. त्याच्या फांदीला दोरी बांधून सातही चिलखतं ओळीनं वाळत घातलेली. खाली सप्तकवच नुसत्या बनियनवर बसला आहे आणि समोर अंधकर्ण त्याच्याच लोट्यातून पाणी पितो आहे. कोपऱ्यात ट्रकवरचा मोर. आणि पावलं! दोघांचीही अनवाणी पावलं, एकेका बोटासकट, इतकी जिवंत की माझ्या छापील पंधरा पानांत तशी शोधून सापडणार नाहीत. नायकाचे दोन्ही हात मात्र उजवे झाले. पान त्यांनी खळीनं त्या पट्टीवर चिकटवलं. वरून कोणाचं नाव-गाव लिहिलं नाही. ते खऱ्यात खपून जावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

ते खपलं नाही. ते गाजलं. ऑइल पेंटच्या वासाचं पान कोणी छापील समजेल कसं? पण मुलं मला मागून मागून नेऊ लागली. अठराव्या अंकात पहिल्याच चौकटीत लिहिलं होतं की अंधकर्ण मेला. तात्यापाऱ्यातल्या मुलांनी त्या अठराव्या अंकावर विश्वास ठेवायला साफ नकार दिला. दोन उजव्या हातांवरून तर वर्षभर वाद चालले. कोणी म्हणे ती त्याची आठवी शक्ती आहे.

पुढे घरोघरी केबल आली आणि दोरीवर धूळ बसू लागली. काही वर्षं मी एका खोक्यात काढली. तिथे माझ्या शेजाऱ्याला वाळवी लागली आणि मला लागली नाही, त्याचं कारण बहुधा तो ऑइल पेंटच. दुकान मोडलं तेव्हा देवीदासनी सगळी खोकी एका रद्दीवाल्याला दिली, आणि रद्दीवाल्याकडून मी शिशिरच्या हाती आलो.

शिशिर बँकेत नोकरी करतो आणि सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावरच्या मजल्यावर राहतो. कॉमिक म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो मला हात धुऊन, पुसून मगच धरतो. भिंग घेऊन तो रेषा बघतो. पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची असली तर तो ओळखतो. धुरामागे पावलं का लपवली आहेत, हे इतक्या वर्षांत ओळखणारा तो पहिला माणूस, त्यामुळे माझा त्याच्याबद्दल आदर आहे. 'सप्तकवच'चे चाळीस अंक निघाले. एकोणचाळीस त्याच्याकडे धडधाकट आहेत. अपुरा मी एकटाच. खऱ्या शेवटच्या पानासाठी तो वीस वर्षं जुन्या दुकानांतून, रद्दीतून, परगावच्या संग्राहकांकडून विचारत फिरला. माझं रंगवलेलं पान त्यानं कधी भिंगाखाली धरलं नाही. कोणा पोराचा उद्योग असेल, असं त्याला वाटे.

गेल्या हिवाळ्यात रायपूरच्या कॉमिकवेड्यांनी एक प्रदर्शन ठरवलं. त्यात अख्खा चाळीस अंकांचा संच मांडायचं शिशिरच्या मनात होतं. त्यानं माझ्या मुखपृष्ठाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की सतराव्या अंकाचं मूळ शेवटचं पान हवं आहे. तो फोटो ईरा नावाच्या एका मुलीनं पाहिला आणि ती धावत आईकडे गेली. "मम्मी, ये तो आपके अलमारी वाले पेज का हीरो है!"

तिची आई म्हणजे यामिनी. पस्तीस वर्षं ते पान तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं होतं. ती आता इंटीरियरची चित्रं काढते, आणि ईरा कॉमिकची. रविवारी दोघी ते पान फाइलमध्ये घालून शिशिरकडे आल्या. शिशिरनं ते टेबलावर ठेवलं. वीज तशीच होती. त्यानं भिंग काढून तिची एकेक रेषा पाहिली. नंतर त्यानं मला उघडून तिच्यापुढे ठेवलं, जागा दाखवायला.

यामिनीनं रंगवलेलं पान पहिल्यांदाच पाहिलं. कापल्यावर ती पुन्हा त्या दुकानात गेलीच नव्हती. "हा तर देवीदास काकांचा हात आहे," ती म्हणाली. "दुकानाच्या पाटीवर हाच मोर होता."

शिशिर मला घेऊन खालच्या गल्लीतल्या बाइंडरकडे गेला. बाइंडरनं पट्टीवर बोट फिरवलं, पान वाकवून बघितलं. "भैया, ये साबुत नहीं निकलेगा," तो म्हणाला. "रंग पपड़ी बनके गिर जाएगा. या तो ये रखो, या वो." मित्रांनो, पेच तो हाच. मी पूर्ण व्हायचं तर ते पान मरणार होतं. माझं मत कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की ती बोटभर पट्टी तेवढी माझी आहे आणि तिला खळीची सवय झाली आहे.

शिशिर भला माणूस. त्यानं ठरवलं की निदान काढणाऱ्याला विचारून काढू. दुसऱ्या रविवारी तिघं मला घेऊन भनपुरीला गेले. देवीदास आता चौऱ्याहत्तरचे आहेत आणि त्यांचे हात थरथरतात. कमलाबाईंनी चहा ठेवला. शिशिरनं सगळं समजावून सांगितलं, मूळ पान दाखवलं, आणि थोडं अडखळत परवानगी मागितली.

"काढून टाका ना," देवीदास लगेच म्हणाले. "खरं पान आलं, आता माह्या पानाचं काय काम?"

"असं काहून बोलता?" कमलाबाई कप खाली ठेवत म्हणाल्या. त्या शिशिरकडे वळल्या. "साहेब, ह्यायनं जलमभर गाड्या रंगवल्या. एक नाही उरली. साऱ्या भंगारात गेल्या, नाही तं दुसऱ्यानं वरून रंग मारला. हे एवढंच ह्यायच्या हातचं राहिलं असन."

देवीदासनी मला मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि पान बघू लागले. मला वाटलं आता माणूस हळवा होणार. ते म्हणाले, "अरे बाप्पा, दोन्ही हात उजवेच होऊन गेले! काहून कोणी सांगितलं नाही मले?" मग पावलांपाशी थांबले. "पाय चांगले जमले पण."

"काका," यामिनी म्हणाली. "ते पान मी कापलं होतं. मीच. तुम्ही विचारत होतात तेव्हा मी समोरून निघून गेले."

देवीदासनी तिच्याकडे पाहिलं. तिला ओळखायला त्यांना वेळ लागला. "तू ते फळीपाशी उभी राहून वाचायची ते पोट्टी? हव?" ते हसले. "म्हणजे तुह्यानं झालं हे. कॉमिक काढावं असं मले लय वाटे. कोण काढू देईन ट्रकवाल्याले? जलमात एकच पान काढाले भेटलं, ते तू कापलं म्हणून."

यामिनीला रडू आवरेना. ईरानं तिचा हात धरला.

शिशिर मात्र त्या पानाकडे बघत होता. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि पहिल्यांदाच ते माझ्या सोळाव्या पानावर धरलं. पावलांवर ते बराच वेळ राहिलं. मग त्यानं विजेचं पान उचललं, फाइलमध्ये घातलं आणि फाइल यामिनीला परत दिली. "हे तुमच्याकडेच असू द्या," तो म्हणाला. वीस वर्षं तो ज्याच्या मागे होता ते पान अखेर त्याच्या हातात आलं होतं, आणि देताना त्याचा चेहरा चांगलाच पडला होता. मी ते पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

त्यानंतर त्यानं जे केलं ते ऐकून प्रदर्शनातल्या जाणत्या संग्राहकांनी कपाळावर हात मारला. जुन्या अंकावर पेननं काही लिहिलं की तो बाटला, असं त्यांचं शास्त्र आहे. शिशिरनं पेन काढून देवीदासच्या हातात दिलं. "काका, खाली नाव टाका. चित्रकाराचं नाव असतं खाली."

"दुसऱ्याच्या कॉमिकवर माहं नाव?"

"पान तुमचं आहे."

त्यांना बराच वेळ लागला. कमलाबाईंनी मनगट धरलं तेव्हा कुठे हात स्थिर झाला. एकेक अक्षर त्यांनी ट्रकच्या पाटीवर काढतात तसं सावली देऊन काढलं. 'देवीदास, भनपुरी.' भनपुरीतली शेवटची वेलांटी जरा थरथरली आहे.

प्रदर्शनात माझ्याखाली चिठ्ठी होती, 'संच अपूर्ण.' शिशिर खोटं बोलत नाही. ईरा तिथे वही घेऊन दुपारभर बसून पावलं गिरवत होती. मी काचेत पडून सगळ्यांकडे पाहत होतो. लोक माझ्या शेवटच्या पानापाशी थांबत, हसत, आणि मग खाली वाकून नाव वाचत.

मित्रांनो, मला ओल्या हातानं धरू नका, माझे कान दुमडू नका, हे तर तुमचे गुरुजी सांगतीलच. मी एवढंच सांगतो. एखादं चित्र जिवापाड आवडलं तर ते कापून घेऊ नका. बसून गिरवा. आणि ज्या चित्राखाली नाव नसेल, त्याच्याबद्दल विचारा की हे कोणी काढलं. वेळेवर विचारा. कागद टिकतो हो, माझ्यासारखा स्वस्तातलासुद्धा टिकतो. काढणारे हात तितके टिकत नाहीत.